टपावर काय, डिकीत काय

किसनमामा वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा मी हार्मोनियमचं वजन वहीत लिहून घेत होते. मान वर केली तर काट्यावर मामा. पांढरा शर्ट, धोतर, हातात फडक्यात गुंडाळलेली खंजिरी. त्यांना काट्यावर चढायला कोणी सांगितलं नव्हतं.

"मामा, तुमचं वजन नकोय," मी म्हटलं.

"असू द्या, लिहा. टपावर बसायची आपल्याला सवय हाय. जीपच्या टपावर बसून आख्खा कन्नड तालुका हिंडलोय."

माझे फिटर रौफभाई यांनी वाकून काटा वाचला. "सत्तेचाळीस. खंजिरी पकड के."

मी तेही लिहिलं. का लिहिलं ते मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं माझ्या दुकानात चाललं होतं. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटीत होते. गाड्यांचे बंपर, मडगार्ड, टपावरचे बॉक्स असा माल आम्ही बनवायचो आणि तो नापास करणं हे माझं काम होतं. मग कारखाना दुसरीकडे गेला. मी गेले नाही. जालना रोडच्या बाजूला एक गाळा घेतला आणि गाड्यांच्या टपावर बसवायच्या सामानाचं दुकान टाकलं. दुकानात येणारा माणूस आधी माझ्या मागं बघतो. मागं भिंत आहे. मग तो रौफभाईंकडे बघतो. रौफभाई माझ्याकडे बोट दाखवतात. एवढं झालं की कामाला सुरुवात होते.

मिलिंदचंही तसंच झालं होतं. मिलिंद म्हणजे शोभाताईंचा मुलगा. एका पतसंस्थेत नोकरीला. शोभाताईंची गायन पार्टी आहे, भीमगीतं गातात. स्वतः शोभाताई हार्मोनियमवर आणि मुख्य गायला, त्यांच्या दोन जावा कोरसला, मिलिंद ढोलकीवर आणि खंजिरीवर किसनमामा. हे शोभाताईंचे सख्खे मामा, पंच्याहत्तरी ओलांडलेले. शोभाताईंना पहिलं गाणं त्यांनीच शिकवलेलं. जयंतीचा कार्यक्रम एका दिवशी संपत नाही. एप्रिलमध्ये सुरू होतो आणि गावोगावी मे उजाडला तरी चालूच असतो. इतकी वर्षं पार्टी भाड्याच्या जीपनं जायची. यंदा मिलिंदनं स्वतःची गाडी घेतली होती. पाच सीटची, सीएनजीवर चालणारी.

सीएनजीच्या गाडीत एक गोष्ट घेताना लक्षात येत नाही. गॅसचा सिलेंडर डिकीत असतो. डिकी कागदावर मोठी असते, उघडली की सिलेंडर दिसतो आणि त्याच्यापुढं उरलेली एक चिंचोळी जागा. मिलिंदनं गाडी घेतल्यावर पहिल्यांदा सामान भरलं तेव्हा बॅगा डिकीत कोंबल्या आणि हार्मोनियम मागच्या सीटवर ठेवली. हार्मोनियमनं एका माणसाची जागा खाल्ली.

"म्हणून म्हणतो, मामांना यंदा घरीच ठेवू," मिलिंद मला म्हणाला. "उन्हातान्हात फिरायचं वयपण नाही त्यांचं. आणि खंजिरी काय, कोणीही वाजवतं."

मामा तेव्हा चार हातांवर स्टुलावर बसले होते. मामांना कमी ऐकू येतं असं मिलिंदचं म्हणणं होतं. मामा पंख्याकडे बघत होते, पंखा बंद होता. मला ते बोलणं अजिबात आवडलं नाही. पण दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत दुकानदारानं तोंड घालायचं नसतं, म्हणून मी मेजरिंग टेप शोधायला लागले. टेप माझ्या हातातच होती.

शोभाताईंनी मात्र तोंड घातलं. त्यांचा तो हक्कच होता.

"मामा येणार नसंल तर मी बी येत नाय. जा तू ढोलकी घेऊन एकटा. वाजव आन् गा."

म्हणून टपावरचा बॉक्स. प्रश्न अगदी सरळ होता. बॉक्स नीट बसला तर मामा गाडीत. नाही बसला तर मामा घरी. मी या धंद्यात बरेच बॉक्स विकलेत, ट्रेकिंगवाल्यांना, गोव्याला जाणाऱ्यांना, लग्नाच्या वऱ्हाडाला. कुणाच्या बॉक्सवर एका माणसाचं येणं-न येणं ठरलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. त्यामुळं मी जरा जास्तच मन लावून मोजमाप घेत होते.

एक खुलासा इथंच करते. गाणारे लोक हार्मोनियमला पेटी म्हणतात आणि आमची गिऱ्हाइकं टपावरच्या बॉक्सलाही पेटी म्हणतात. घोटाळा नको म्हणून या लेखात पेटी म्हणजे हार्मोनियम. टपावर असतो तो बॉक्स.

मिलिंद घरूनच बॉक्स ठरवून आला होता. मोबाइलवर फोटो. पाचशे लिटरचा, काळा, चकचकीत.

"याच्यात सगळंच बसेल मॅडम. पेटी, ढोलकी, बॅगा, अंथरूण."

"बसेल," मी म्हटलं. "त्याच्याखाली गाडीपण बसेल."

मग मी त्याला गाडीचं मॅन्युअल काढायला लावलं. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती वजन चालेल ते दिलेलं असतं. मिलिंदच्या गाडीला पन्नास किलो. लोक इथं माझ्याशी वाद घालतात. म्हणतात, मॅडम, परवा धुताना दोन पोरं टपावर चढली होती, काही झालं नाही. होणार नाही. गाडी उभी होती. चालत्या गाडीला ब्रेक मारला की टपावरचं सामान थांबायचं नाव घेत नाही, त्याला पुढं जायचं असतं. वळणावर ते गाडीला बाहेर ओढतं. तो पन्नासचा आकडा चालत्या गाडीसाठी आहे.

आणि त्या पन्नासमध्ये बॉक्सही आला. हे कोणाच्याच डोक्यात नसतं. टपावर आधी दोन आडव्या दांड्या बसतात, त्यांना क्रॉसबार म्हणतात, त्यांचं पाच किलो. मिलिंदच्या आवडत्या बॉक्सचं एकट्याचंच चोवीस. म्हणजे सामानाला उरले एकवीस.

"एवढा मोठा बॉक्स घेऊन फक्त एकवीस किलो?"

"बाकी हवा न्यायची."

रौफभाई शेजारच्या भंगारवाल्याकडून वजनकाटा घेऊन आले. सगळं सामान गाडीतून खाली काढलं. पेटी तिच्या लाकडी खोक्यासकट पंधरा किलो. ढोलकी सहा. बायकांच्या साड्यांच्या बॅगा, चादरी, सतरंजी, स्टेजमागं लावायचा बॅनर आणि मिलिंदची एक बॅग असं सगळं मिळून सत्तावीस. पेटी उतरवली आणि मामा चढले, ते वर सांगितलंच आहे.

मग लांबी. बॉक्स मोठा असला की गाडीची डिकी उघडताना तिचं दार वर जाऊन बॉक्सच्या शेपटाला आपटतं. हे दुकानात कळलं तर बरं, घरी कळलं तर डिकीच्या काचेला कळतं. म्हणून मी सगळ्या मापांचे पुठ्ठ्याचे साचे करून ठेवलेत. मोठ्या बॉक्सचा साचा रौफभाईंनी टपावर धरला, मी डिकी उघडली.

"लगरा मॅडम," वरून रौफभाई.

"थोडं पुढं घ्या."

"आगे लिया तो काच के उप्पर आरा. हवा शिट्टी मारेगी, कन्नड तक."

मिलिंदनं स्वतः डिकी तीनदा उघडून बघितली. तिन्ही वेळा लागली. मग त्यानं पुठ्ठा लागतो, बॉक्स कदाचित लागणार नाही, अशी एक शंका काढली. रौफभाई टपावरून उतरले आणि पाणी प्यायला गेले. त्यांना राग आला की ते पाणी पितात.

शेवटी तीनशे वीस लिटरचा बॉक्स ठरला. वजन चौदा किलो. पाच आणि चौदा एकोणीस, उरले एकतीस. त्यात सत्तावीस किलोच्या बॅगा आणि अंथरूण आरामात. डिकीत सिलेंडरपुढं जी चिंचोळी जागा होती तिथं पेटी उभ्या बाजूनं बसते का ते बघितलं. बोटभर जागा ठेवून बसली. ढोलकी तिच्या शेजारी. मागची सीट पूर्ण मोकळी. मी मनातल्या मनात खूश झाले. पेटीसारखी नाजूक वस्तू खाली सावलीत, कपडे वर उन्हात. माझ्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता.

राहिला रंग. इथं तुम्हाला एक प्रयोग सांगते, तो मी प्रत्येक उन्हाळ्यात करते. दुकानापुढं दोन बॉक्स उन्हात ठेवायचे, एक काळा, एक पांढरा. दोन्हीत एकेक मेणबत्ती उभी करायची आणि झाकण लावायचं. तासाभरानं उघडायचं. त्या दिवशीही तेच केलं. पांढऱ्यातली मेणबत्ती उभी होती. काळ्यातली कमरेत वाकली होती.

मिलिंदनं दोन्ही मेणबत्त्या बघितल्या. "पण पांढरा अँब्युलन्ससारखा दिसतो मॅडम."

मी म्हटलं, "वर कपडेच ठेवणार आहात ना? मग घ्या काळा. साड्या काही वितळत नाहीत."

माझं इथं चुकलं. ते मला आठ दिवसांनी कळलं. आणि मेणबत्तीचा प्रयोग चालला होता तेव्हा शोभाताई मामांना घेऊन समोरच्या रसवंतीवर गेल्या होत्या, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. सामान कोण भरतं हे मी विचारलंच नव्हतं. गाडी ज्याची, सामान तोच भरत असेल, असं मी धरून चालले. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय लागली की स्वतःच्या दिसायच्या बंद होतात.

एका कागदावर मी लिहून दिलं. वर: बॅगा, अंथरूण, बॅनर. डिकीत: पेटी, ढोलकी. एकतीस किलोच्या वर एक किलो नाही. मिलिंदनं कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली.

बॉक्स बसला. रौफभाईंनी चारही कोपऱ्यांना हात घालून गाडी गदागदा हलवली. ही त्यांची पास करायची पद्धत आहे, ती कुठल्या स्टँडर्डमध्ये नाही, पण मी तिच्यावर विश्वास ठेवते. शोभाताई मामांना म्हणाल्या, "बसून बघा." मामा मागच्या सीटवर खिडकीशी बसले. खंजिरी मांडीवर. दार लावून घेतलं. काच खाली केली, वर केली, परत खाली केली. मग तसेच बसून राहिले. मिलिंद पैसे देऊन आला तरी उतरेनात. मला फार बरं वाटलं. रौफभाईंनाही वाटलं असावं, कारण ते पाणी न पिता हसले.

पुढच्या आठवड्यात सकाळी मिलिंदचा फोन.

"मॅडम, पेटी गेली."

"चोरीला?"

"नाही. आहे. पण गेली."

तासाभरात तो आणि शोभाताई दुकानात. मागच्या सीटवर पेटी. शोभाताईंनी ती टेबलावर ठेवली आणि भाता हलवला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हवेची गळती कळते. भात्याच्या कडेनं फुस्स आवाज येत होता. आणि एकही पट्टी दाबलेली नसताना आतून दोन सूर एकदम वाजत होते, थांबतच नव्हते. रौफभाई म्हणाले, "बंद कैसे करते इसको?" शोभाताईंनी भाता सोडला. मग ते बंद झालं.

झालं होतं ते असं. पिशोरला कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचला. सकाळी मिलिंद बाईक घेऊन मुकुंदवाडीला मामांना आणायला गेला. तेवढ्यात घरी बायकांनी गाडी भरली. शोभाताई स्वतः स्टुलावर चढल्या. बॉक्समध्ये खाली रग अंथरला, त्यावर पेटी ठेवली, शेजारी ढोलकी, वरून चादर घातली, झाकण लावलं, किल्ली फिरवली. बॅगा सगळ्या डिकीत, सिलेंडरपुढं. मिलिंद आला, मागची सीट मोकळी दिसली, मामा बसले, गाडी निघाली. फुलंब्रीला चहा झाला. अकराच्या सुमारास पिशोर. गाडी समाजमंदिरापुढं उभी केली, भर उन्हात, कारण सावलीत मंडपवाल्याचा टेम्पो होता. मग जेवणं, मग मिरवणूक. चार वाजता शोभाताईंनी बॉक्सला हात लावला तर हात भाजला.

मिलिंदला तेव्हा मेणबत्ती आठवली. तो मला म्हणाला, "मॅडम, ती वाकलेली मेणबत्ती डोळ्यांपुढं आली बघा." माझ्याही डोळ्यांपुढं तीच होती.

पेटीच्या भात्याचे आणि लाकडाचे जोड सरसानं चिकटवलेले असतात. सरस म्हणजे जुन्या पद्धतीचा गोंद. त्याला ऊब लागली की तो ढिला पडतो. वरून पिशोरचा रस्ता. पाच-सहा तास त्या काळ्या बॉक्समध्ये पेटी शेकली आणि जोड सुटले. माझ्या मेणबत्तीनं हे आधीच सांगितलं होतं, फक्त ते योग्य माणसाला सांगितलं नव्हतं.

"शोभाताई, पेटी वर का ठेवली तुम्ही?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला होता, हे मी मान्य करते.

"मंग काय पायाखाली ठेवू?" त्यांचा माझ्यापेक्षा चढला. "ताई, मी देव नाय मानत, शकुन नाय मानत. पर ह्या पेटीवर मी पोरं शिकवली. आमच्या घरात पेटीला कुणाचा पाय लागत नाय. चुकून लागला तर हात लावून डोक्याला लावतो. तिला मी डिकीत ठेवू? खाली स्टेपनी, बाजूला चपलांची पिशवी, पुढं चार माणसं तिच्याकडं पाठ करून बसणार? तुम्ही टपावर एवढा चांगला बंद बॉक्स करून दिला. मी म्हणलं, झालं काम, पेटी समद्यांच्या डोक्यावर राहील."

मी रौफभाईंकडे बघितलं. ते माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं.

"सही बोलरे ताई," रौफभाई म्हणाले. "हमारे चाचा ताशा बजाते थे. ताशे को कब्बी जमीन पे नहीं रखे. खुद जमीन पे सोते थे."

मला खरोखर लाज वाटली. मी किलो विचारले होते, इंच विचारले होते, डिकीचं दार उघडून दाखवलं होतं. वर काय ठेवायचं आणि खाली काय, हे मी वजनावर आणि उन्हावर ठरवलं. त्यांच्या घरात ते आधीच ठरलेलं होतं आणि त्यात माझ्या कागदाला कुठंच जागा नव्हती. ही चूक गोव्याला जाणाऱ्याकडून झाली नसती. त्यानं पेटी डिकीत टाकली असती आणि वर बियरचं खोकं ठेवलं असतं.

"मग कार्यक्रमाचं काय झालं?" मी विचारलं.

मिलिंद शोभाताईंकडे बघायला लागला. शोभाताई पेटीकडे.

मंडप भरला होता. पेटी स्टेजवर आणली, भाता मारला, ते दोन सूर सुरू झाले. पुढच्या रांगेतली पोरं हसली. गावात दुसरी पेटी नव्हती. एक कीबोर्ड होता तो सिल्लोडला लग्नात गेलेला. मिलिंदनं मोबाइलवर गाण्यांचे ट्रॅक शोधायला घेतले, नुसतं संगीत असलेले, त्यावर आईनं गायचं. तिथं रेंज एकच कांडी. गोल फिरत राहिलं.

"मी तर रडायच्या बेतात आले व्हते," शोभाताई म्हणाल्या. "पेटीबिगर मला सूरच धरता येत नाय. इतक्या वर्षांची सवय. समोर एवढी माणसं."

तेव्हा मामा मागच्या रांगेतून पुढं आले. फडकं सोडलं. खंजिरी पंख्यापुढं धरून जरा वाळवली, घामानं ओली झाली होती. माइक स्वतःच्या उंचीला खाली ओढला. शोभाताईंना म्हणाले, "बस. तुझी आय गायची तवा पेटी कुठं व्हती? मी सूर देतो, तू उचल."

आणि मामांनी सुरुवात केली. आधी नुसती खंजिरी, मग आवाज. मिलिंदनं ढोलकी धरली, तीही उन्हानं ताणून टणक झालेली, नेहमीपेक्षा चढी वाजत होती. मामांनी ती दोनदा ऐकली आणि आपला सूर तिच्याएवढा वर नेला. शोभाताई पहिल्या कडव्याला चाचपडल्या, दुसऱ्याला सापडल्या. दोन जावा मागून उचलायला लागल्या. मग मामांनी अशी गाणी काढली की जी शोभाताईंनीही लहानपणानंतर ऐकली नव्हती. कुठं लिहिलेली नाहीत. मंडपातल्या म्हाताऱ्या बाया मात्र ती म्हणत होत्या, शब्दाला शब्द. एक बाई उठून स्टेजजवळ आली आणि मामांना म्हणाली, "हे आमच्या बापाचं गाणं हाय. परत म्हणा." परत म्हटलं.

अडीच तास चाललं. पाच वाजताचे लोक साडेसातपर्यंत जागचे उठले नाहीत.

हे सांगताना मिलिंद एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. मग त्यानं पेटीच्या खोक्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

आता माझं काम. पेटी दुरुस्तीला शहागंजातल्या एका कारागिराकडे गेली. तो म्हणाला, जोडच सुटलेत, सूर शाबूत आहेत, आठ दिवस ठेवा. मिलिंदला मी म्हटलं, काळा बॉक्स द्या, पांढरा बसवून देते. तो नको म्हणाला. बॉक्समध्ये आता कपडेच जाणार होते आणि अँब्युलन्स त्याला अजूनही नको होती.

खरा प्रश्न परत तिथंच आला होता. पेटी टपावर चालत नाही, डिकीत चालत नाही, सीटवर ठेवली तर मामा घरी. शोभाताईंनी मिलिंदकडे बघितलं. मिलिंद म्हणाला, "माझ्याकडे बघू नको. मामा येणार. पाहिजे तर मी बसनं येतो." गाडी तोच चालवत होता, ही अडचण त्याच्या लक्षात आली नव्हती. पण मला तो मुलगा त्या वेळी पहिल्यांदा आवडला.

उपाय रौफभाईंनी काढला. डिकीत सिलेंडरच्या वर, सिलेंडरला न टेकणारी एक फळी. चार लोखंडी पाय, रबराचे बूट. सिलेंडरचा व्हॉल्व्ह मोकळा राहिला पाहिजे, तिथं हात गेला पाहिजे, एवढं मी बजावलं. मागच्या काचेखालचा ट्रे काढून टाकला. फळीवर फोम, फोमवर पेटी, शेजारी ढोलकी, दोन्हींना रुंद पट्टे, पट्टे सीटमागच्या हुकांना आवळलेले, म्हणजे ब्रेक मारला तरी कोणाच्या मानेवर काही येणार नाही. मागच्या काचेतून थोडं कमी दिसतं, त्यासाठी बाजूचे आरसे आहेत. काचेला आतून पडदा लावला. पेटी सावलीत, एसीत, बॅगा टपावर, सीट रिकामी.

शोभाताई बघून म्हणाल्या, "चांगलंय. पर हे पायाच्या वर हाय का?"

"वर आहे."

"मोजा."

मी बावीस वर्षं मायक्रोमीटरनं मापं घेतली आहेत. असं माप मी आधी घेतलं नव्हतं. शोभाताई मागच्या सीटवर बसल्या, पाय खाली टेकवले. रौफभाईंनी रस्त्यापासून पायापर्यंत टेप लावली. अकरा इंच. मग रस्त्यापासून पेटीच्या बुडापर्यंत. एकोणचाळीस.

"अठ्ठावीस इंच वर," मी म्हटलं.

"लिहून द्या."

मी बिलाच्या मागं लिहून दिलं. पेटी पायांपेक्षा अठ्ठावीस इंच वर. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. शोभाताईंनी ते बिल घडी न घालता पर्समध्ये ठेवलं.

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे. वजन, लांबी, उंची, रंग आणि त्याखाली: पायाखाली काय चालणार नाही? लोक वाचून हसतात. मग थांबतात आणि काहीतरी लिहितातच. एका मास्तरांनी पुस्तकं लिहिलं. एका पैलवानानं आखाड्यातल्या मातीची पिशवी लिहिली. दुसरी ओळ त्याच्याखाली आहे: सामान कोण भरतं? तो माणूस आल्याशिवाय मी मेणबत्ती पेटीतून काढत नाही, म्हणजे माझ्या बॉक्समधून.

मेच्या मध्यावर मिलिंद वायपर बदलायला आला. एकटाच होता. पिशोरहून परत बोलावणं आल्याचं त्यानं सांगितलं, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं. मी विचारलं, पेटी ठीक आहे ना आता? म्हणाला, एकदम ठीक, पण त्यांनी पेटीचं विचारलंच नाही.

"मग काय म्हणाले?"

मिलिंदनं जुना वायपर दोन्ही हातांत धरला आणि रस्त्याकडे बघत बोलावणाऱ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"पेटी नसली तरी चालंल. ते म्हातारे बाबा तेवढे आणा. तुमच्या गाडीत जागा नसंल तर सांगा, आम्ही इकडून गाडी पाठवतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, जागा आहे." त्यानं जुना वायपर कचऱ्याच्या डब्यात टाकला. "पुढची दिलीय त्यांना."

कोणता बॉक्स चांगला, असं कोणी विचारलं तर मी आता आधी गाडीत कोण कोण बसणार ते विचारते, नावं लिहून घेते. लिटरचं नंतर बघते.